दुखणं एकाचं, निर्णय दुसऱ्याचा

डागबाईच्या घरात एक नियम होता. तो ऐकून लोक आधी हसायचे आणि मग विचारात पडायचे. ज्याचं दुखणं, त्याने ठरवायचं नाही. ठरवायचं दुसऱ्याने, आणि दुखणाऱ्याने मुकाट्याने ऐकायचं. जगात म्हण आहे की ज्याचं जळतं त्याला कळतं. या नवराबायकोचं मत असं की ज्याचं जळतं त्याला काही म्हणजे काही कळत नाही, तो नुसता नाचतो.

डागबाई हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या खोलीत उभं राहून कपड्यांवरचे डाग काढायचे, हे तिचं काम. अर्धं आयुष्य त्यातच गेलं, त्यामुळे मालकापासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला डागबाईच म्हणत. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून तो लिफ्टवाला. मूलबाळ नव्हतं. त्यामुळे घरात मतं दोनच, आणि त्यातलं एक नियमाने बाद.

नियमाची सुरुवात झाली अक्कलदाढेपासून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि लिफ्टवाल्याची दाढ ठणकायला लागली. गडी लिफ्टच्या खोल खड्ड्यावर दोराला लटकून काम करणारा, पण दातांच्या दवाखान्याची पायरी चढेना. आज बरं वाटतंय, उद्या बघू, असं करता करता गाल फुगून डोळा मिटायची वेळ आली. शेवटी तिने मनगट धरून नेला. परत येताना कापसाचा बोळा चावत तोच म्हणाला, "यापुढे माझ्या दुखण्याचं तू ठरव. तुझ्याचं मी." पुढे तिच्या पित्ताशयात खडे झाले. ती आपली म्हणतेय, गरम पाणी प्यायलं की राहतं. त्याने विचारलंसुद्धा नाही, थेट ऑपरेशनची तारीख घेऊन आला. तिने चार दिवस तोंड फुगवलं, मग बरी झाली. चष्मा म्हणा, गुडघ्याचा पट्टा म्हणा, सगळं याच नियमाने सुखात चाललं होतं.

आणि मग लिफ्टवाल्याच्या कंपनीतल्या दरवर्षीच्या तपासणीत रक्तातला एक आकडा वाढलेला निघाला. एकातून दुसरी तपासणी, दुसरीतून तिसरी. शेवटी सुया घालून आतले तुकडे काढले, आणि प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. पुरुषाच्या लघवीच्या पिशवीखाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, ती ही प्रोस्टेट. डागबाईला तोवर ती असते हेही माहीत नव्हतं. इतकी वर्षं आपण ज्या माणसाच्या शेजारी झोपलो त्याच्या आत असली वस्तू आहे, आणि ती आता त्याच्या जिवावर उठली आहे, हे काही केल्या तिच्या गळी उतरेना.

रेडिएशनच्या डॉक्टर वयाने लहान होत्या, पण बोलायला शांत. ऑपरेशनला सर्जनने आधीच नकार दिला होता, लिफ्टवाल्याच्या फुप्फुसांना मोठी भूल झेपणार नव्हती. ग्रंथीतच रेडिएशनचे बारीक दाणे पेरायचा एक प्रकार असतो, तोही डॉक्टरांनी त्याच कारणाने बाजूला ठेवला. राहिलं बाहेरून रेडिएशन, म्हणजे लोक ज्याला लाइट घेणं म्हणतात ते.

"यात दोन रस्ते आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "एक, पाच वेळा यायचं. दर वेळी डोस मोठा. दुसरा, वीस वेळा यायचं, डोस लहान. तुमच्यासारख्या आजारात गुण जवळजवळ सारखाच येतो. लघवीची घाई, जळजळ, शौचाचा त्रास, कधी रक्त, हे दोन्हीत होऊ शकतं. बहुतेकांचं हळूहळू कमी होतं."

"जवळजवळ," डागबाई म्हणाली.

"हो. आणि त्याच्या जोडीला सहा महिने हार्मोनची इंजेक्शनं. पुरुषी हार्मोनवर ही गाठ पोसते. ते बंद केलं की तिची उपासमार होते. ती घ्यावीत असा माझा सल्ला आहे. आजार परत येण्याची शक्यता त्याने थोडी कमी होते. पण त्याचे त्रास आहेत. अंगातून वाफा येतात, थकवा येतो, मन उदास होतं, आणि नवराबायकोच्या संबंधांची इच्छाच राहत नाही."

"नंतर येते ना परत?" हे लिफ्टवाल्याने विचारलं. तोवर तो छताकडे बघत होता.

"बऱ्याच जणांची येते. सगळ्यांची पूर्वीसारखी येईलच असं मी सांगणार नाही. रेडिएशनचाही त्यावर परिणाम होतोच."

डागबाईने पर्सची चेन उघडली आणि लावली. डॉक्टरांनी त्याला विचारलं, "मग? तुम्हाला काय वाटतं?"

त्याने अंगठ्याने बायकोकडे खूण केली. "ठरवणार ती."

डॉक्टरांना वाटलं गंमत चालली आहे. ती गंमत नव्हती. त्या खुर्चीवर बसल्या बसल्या डागबाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. चष्म्याची फ्रेम ठरवणं निराळं आणि हे निराळं. चुकलं तर नवरा जाईल, आणि तो आपल्या हाताने गेला हे उरलेला जन्मभर गिळत बसावं लागेल. नियम करताना हा प्रसंग कुणाच्या डोक्यात होता?

डॉक्टरांनी सांगितलं होतं की घाई नाही, नीट विचार करा. पण डागबाईला घाई नाही हे वाक्यच पटेना. तिच्या धंद्यात घाई नसते असं कधी होत नाही. डाग ताजा असेपर्यंत तुमचा, वाळला की कापडाचा. गिऱ्हाईक कोट घेऊन आलं की ती तीनच प्रश्न विचारायची: कशाचा, कधीचा, आणि घरी काय चोळलंत? तिसऱ्या प्रश्नाला सगळे खोटं बोलायचे. इथे कशाचा ते कळलं होतं, कधीचा ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

आणि कोणतंही औषध कपड्याला लावण्याआधी ती आतल्या शिवणीवर, कुणाला दिसणार नाही अशा जागी, एक थेंब टाकून बघायची. रंग उडाला तर निदान आतल्या आत उडेल. आता नवऱ्याची आतली शिवण कुठून आणायची? एकच माणूस, एकच तुकडा, आणि औषध टाकायचं ते थेट त्याच्यावर. एका दुपारी रेशमी पडद्यावर वाफ मारता मारता हा विचार तिच्या मनात आला, आणि तिने वाफेचा नळ बंद केला. मग ती कपड्यांच्या रांगेमागे जाऊन उभी राहिली. मालकाने विचारलं, तर म्हणाली, डोळ्यात औषध उडालं.

सल्ले द्यायला तर गाव मोकळंच असतं. समोरच्या दुकानदाराच्या मेहुण्याने पाच वेळांचं घेतलं होतं आणि तो ठणठणीत होता. एका गिऱ्हाइकाच्या भावाने वीस वेळांचं घेतलं होतं आणि तोही ठणठणीत होता. जे ठणठणीत नव्हते त्यांच्याबद्दल कुणी काही सांगत नव्हतं, आणि डागबाईला भीती त्यांचीच वाटत होती. नणंदेचा फोन तर रोज.

"अगं, त्याला विचार की," नणंद म्हणायची. "माझा भाऊ आहे तो, गाठोडं नाही."

"ताई, आमच्यात असं असतं, तुम्हाला माहितीये."

"असतं ते दाढेला. हा कॅन्सर आहे. उद्या काही झालं तर तुला झोप लागेल का?"

झोप आत्ताच कुठे लागत होती? नणंदेच्या जिभेला हाड नव्हतं, पण बोलणं खरं होतं, म्हणून जास्त झोंबायचं. डागबाईला जळी स्थळी कॅन्सर दिसायला लागला. तो अर्धी पोळी कमी जेवला की ती उरलेल्या अर्धीकडे बघत बसायची. तो जिना चढताना थांबला की ती पायऱ्या मोजायची. सुटीच्या दिवशी दुपारी तो आडवा झाला की ती हळूच जाऊन त्याच्या नाकाशी हात धरायची आणि गरम श्वास लागला की परत येऊन भांडी घासायची. तिच्या वडिलांच्या शेवटच्या आजारातही ती इतकी घाबरली नव्हती. हे तिने स्वतःशी कबूल केलं आणि मग तिला वडिलांची लाज वाटली.

शेवटी ठरवलं ते तिने आपल्या धंद्याच्या अकलेने. जोरकस औषध एकदम ओतलं की डाग जातो आणि बरोबर कापडही जातं. हलकं औषध पुन्हा पुन्हा लावावं, आणि त्याआधी भिजत घालावं. म्हणजे वीस वेळांचं रेडिएशन, आणि भिजत घालायला इंजेक्शनं. मिळेल ते सगळं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाच वेळांचं काही कमी सुरक्षित नाही, मशीन फार नेमकं असतं, पण माणूस आणि कोट यात फरक आहे हे घाबरलेल्या बाईला कोण समजावणार? तिला रीत हवी होती, आणि तिच्याकडे एवढी एकच रीत होती.

"बरं," लिफ्टवाला म्हणाला. बस, एवढंच. आणि त्या दिवसापासून घरात तो पाहुण्यासारखा वागायला लागला. चहा दिला की घ्यायचा, कप धुवून ठेवायचा. पूर्वी कप धुवायला सांगितलं की तो लिफ्टमध्ये अडकल्याची नक्कल करायचा.

तयारीच्या स्कॅनचा दिवस आला. रेडिएशन कुठे आणि कसं द्यायचं हे त्या स्कॅनवरून आखतात. तो झाला की पहिलं इंजेक्शन, असं ठरलं होतं. या स्कॅनला पोट साफ लागतं आणि लघवीची पिशवी भरलेली लागते, म्हणजे आतडी बाजूला सरकतात आणि वाचतात. टेक्निशियनने दोनदा बजावलं. हे पाणी प्या, तासभर थांबा, काही झालं तरी जाऊ नका. लिफ्टवाल्याने मान डोलावली, पाणी प्यायला आणि बसला. नाव पुकारलं, तसा उठला. वाटेत एक दार लागलं, त्यात शिरला, मोकळा झाला, हात धुतले, आणि मग स्कॅनच्या टेबलावर जाऊन ऐटीत आडवा पडला.

आतून टेक्निशियन बाहेर आला तो कपाळावर हात मारतच. "काका, पिशवी तर रिकामी आहे."

"असणारच," लिफ्टवाला म्हणाला. "आत्ताच जाऊन आलो."

आता याला काय म्हणायचं? लिफ्टच्या खड्ड्यात उतरणारी माणसं उतरण्याआधी जाऊन येतात. आत एकदा अडकलं की तासन्‌तास सुटका नसते. त्याने तीस वर्षं हेच केलं होतं, आणि नव्या पोरांना पहिला धडाही हाच दिला होता. खड्डा दिसला की आधी ते दार शोधायचं. टेक्निशियनला हसू आवरेना. त्याने आणखी पाण्याची बाटली हातात दिली आणि दोघांना पुन्हा बाहेर बसवलं.

डागबाईही हसली असती. पण नवऱ्याचा चेहरा बघून तिचं हसू आत गेलं. तो बाटलीचं झाकण उघडत नव्हता.

"सवय म्हणायची का ही?" तिने हळूच विचारलं.

"सवयच." थोडं थांबून तो म्हणाला, "मुद्दाम नाही केलं. पण लक्षात नव्हतं असंही नाही. दार दिसलं आणि वाटलं, आजचा दिवस टळला तर बरं."

"मग मला सांगायचंत."

"मी कसं सांगणार? दुखणं माझं आहे."

बाकावर पलीकडे एक म्हातारे गृहस्थ पेंगत होते. लिफ्टवाल्याने आवाज खाली आणला. "मला लाइटची भीती नाही. इंजेक्शन नको आहे. आमच्या ओळखीतल्या तेलवाल्याने घेतलं होतं, तो गं तो, गॅरेजमधला. सहा महिने म्हणाले त्याला. वर्ष झालं. बायको शेजारी बसली तर तो उठून खिडकीत जातो. मला म्हणाला, ती बसली की मला काहीच वाटत नाही आणि त्याचंच वाईट वाटतं. सगळ्यांना तसं होत नाही, माहितीये. पण मला झालं तर? या वयात मला दुसरं काय पाहिजे? तू बाजूला असलीस की बरं वाटतं, एवढंच पाहिजे. तेवढंही गेलं तर मी जगून काय करू?"

इतकी वर्षं संसार केला, पण असलं वाक्य त्याने कधी उच्चारलं नव्हतं. डागबाईचा चेहरा तापला. तरी ती म्हणाली, "आणि तुम्हीच नसलात तर मी जगून काय करू? डॉक्टर सांगतात घ्या म्हणून. परत येण्याची शक्यता कमी होते. माझ्यासाठी सहा महिने काढा. मला नाही काही लागत. तुम्ही नुसते समोर बसा."

"बघ. तुला मी नुसता समोर बसायला हवाय."

"मी तसं नाही म्हटलं."

"म्हटलंस. पण रागावलो नाही मी."

तिला रडू यायला लागलं, आणि रडू यायला लागलं की तिची जीभ धारदार व्हायची. "नियम तुम्हीच केलात. दुखणाऱ्याने ठरवायचं नाही. आता स्वतःवर आलं तर मोडायचा?"

"का केला होता, आठव," तो म्हणाला. "दाढ माझी होती म्हणून नाही. मी घाबरलो होतो म्हणून. घाबरलेल्या माणसाच्या हातात दोर द्यायचा नाही, एवढंच होतं त्यात." त्याने बाटलीचं झाकण फिरवलं, पण प्यायला नाही. "आता तूच सांग, आपल्या दोघांत जास्त कोण घाबरलंय?"

तिने पर्सची चेन उघडली आणि लावली.

"दुपारी माझ्या नाकाशी हात धरतेस तू," तो म्हणाला. "मी जागा असतो. तुला बरं वाटावं म्हणून जरा जोरात श्वास सोडतो."

डागबाईने पदर तोंडाला लावला. एक व्हीलचेअर गेली, सफाईच्या बाईने फरशी पुसली, पेंगणाऱ्या गृहस्थांना कुणीतरी आत नेलं. तिला कळत होतं की तो बरोबर आहे, आणि बरोबर असूनही मरू शकतो. त्या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि तिला त्यातली एकही नको होती.

"वीस वेळांचं तू ठरवलंस ते राहू दे," तो म्हणाला. "तुझ्या मनाप्रमाणे. इंजेक्शन तेवढं नको."

"प्या ते पाणी," ती म्हणाली.

तो पाणी पीत असताना ती उठली आणि डॉक्टरांची वेळ मागून आली. दोघं आत गेले. त्याने स्वतः सांगितलं. वाक्य अडखळत आलं, पण त्याचंच होतं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं. त्यांनी पुन्हा समजावलं की इंजेक्शनाशिवाय रेडिएशन देता येईल, पण परत येण्याचा धोका थोडा जास्त राहील. दर काही महिन्यांनी रक्त तपासत राहू, आकडा वाढला तर तेव्हा बोलू. त्यांचा स्वतःचा सल्ला मात्र अजूनही घ्या असाच आहे. लिफ्टवाल्याने सगळं ऐकून नको म्हटलं. मग डॉक्टर डागबाईकडे वळल्या.

"तुम्हाला पटतंय का?"

"नाही," ती म्हणाली. "मला अजिबात पटत नाही. मला भीती वाटते. पण त्यांचं ऐका."

तासाभराने पुन्हा नाव पुकारलं. लिफ्टवाला या खेपेला गुडघे जुळवून, जपून चालत गेला, आणि त्या दाराकडे त्याने बघितलंही नाही. जड दार बंद झालं, वर लाल दिवा लागला. बाहेर डागबाई एकटी.

आणि तेव्हा तिच्या मनात पाप आलं. डॉक्टरांची खोली चार पावलांवर होती. तो आत होता, त्याला ऐकू येणार नव्हतं. तुम्ही जरा जोर लावून सांगा, त्यांना घाबरवा, तुमचं ते ऐकतील, आणि मी बोलले हे सांगू नका, एवढंच म्हणायचं होतं. ती उठली कधी आणि गेली कधी हे तिलाही कळलं नाही. दार ढकललं तेव्हा डॉक्टरांनी मान वर केली. डागबाईचे ओठ हलले. सगळं वाक्य जिभेवर तयार होतं.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं. "बोला ना."

डागबाईने दाराची मूठ धरून ठेवली होती. "काही नाही," ती म्हणाली. "आत फार गार असतं. त्यांच्या पायांवर काहीतरी घालायला सांगा."